पेंटरांच्या घरचा निळा टीव्ही

मी एक जुना टीव्ही आहे, पाठीवर चांगलं मोठं कुबड घेऊनच जन्माला आलेला. मित्रांनो, तुम्ही आता जे टीव्ही पाहता ते वहीच्या पुठ्ठ्यासारखे सपाट, भिंतीला पाठ लावून गुमान उभे राहणारे. आमचं तसं नव्हतं. आमच्या पोटात काचेची जड नळी असायची, आणि आम्ही घरात आलो की पाहुण्यासारखी ऐसपैस जागा अडवून बसायचो. आम्हाला उचलायचं म्हणजे दोन माणसं लागायची, आणि दोघांची कंबर धरायची ती वेगळीच.

कारखान्यात एका लांब पट्ट्यावर माझा जन्म झाला. कुणी माझ्या तारा जोडल्या, कुणी पाठीचं झाकण बसवलं. शेवटी एका मुलीने मला पहिल्यांदा चालू केलं आणि माझ्या पडद्यावर रंगांचे उभे पट्टे उमटवले. ती वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग मान डोलावली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या दिवशी माझा लाल खरोखर लाल होता आणि पांढरा धुतल्यासारखा पांढरा होता. एक गुपितही सांगून टाकतो. तुम्ही आमच्याकडे बघत बसता ना, तेव्हा आम्हीही तुमच्याकडेच बघत असतो.

मला घरी आणलं ते एका पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने. दुकानांच्या पाट्या, शाळांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, सगळ्या गावभर त्यांच्याच हातच्या. त्यांच्या नखांच्या कडेला कायम कुठला ना कुठला रंग असायचा. आज कुठली पाटी केली हे घरच्यांना विचारावं लागत नसे, नखं बघितली की कळायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांनी मला खिडकीपासून दूर, उजेडाची तिरीप अंगावर येणार नाही अशा जागी बसवलं आणि पहिल्याच दिवशी घराला नियम घालून दिला.

"आवाज कुणीही कमी-जास्त करा. रंग मी लावणार."

माझ्या पडद्याखाली एक छोटी झडप होती. तिच्यामागे बारीक चक्र्या होत्या. रोज संध्याकाळी हात धुऊन पेंटर माझ्यासमोर उकिडवे बसत, झडप उघडत आणि एका डोळ्याने बघत चक्री जराशी इकडे, जराशी तिकडे करत. मन भरलं की "हं" म्हणत आणि मगच चहाला हात लावत. घरात त्यांच्या डोळ्याला मोठा मान होता. भाजी ताजी आहे का, भिंतीला ओल धरली का, बाळाला कावीळ तर नाही ना, सगळं त्यांनाच दाखवायचे.

त्यांची बायको दर आठवड्याला मऊ फडक्याने मला पुसायची. जिभेने तिखट, पण हाताने लोणी. पुसता पुसता तिच्या तोंडी काहीतरी यायचंच.

काचेचं गं माझं दार, नाही कडी, नाही कोंडा
सांज होता येतो आत, साऱ्या दुनियेचा लोंढा

असं कुणी आपल्यावर गाणं रचलं की कुबडसुद्धा ताठ होतं, मित्रांनो.

वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, सून आली, मग नात आली. पेंटरांचे आजोबा झाले आणि त्यांच्या बायकोची आजी झाली. नातीचं तोंड उठल्यापासून झोपेपर्यंत बंद नसायचं, म्हणून घरात तिला सगळे टकळी म्हणत. आणि माझ्या रंगाबद्दल एका संध्याकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं ते याच टकळीने.

"आजोबा, बातम्या सांगणाऱ्या काकूंना थंडी वाजतेय का? त्यांचे ओठ निळे पडलेत."

आजोबा चक्रीवरून हात न काढता म्हणाले, "निळे कुठले? आत्ता कुठे नीट दिसायला लागलंय."

खरं सांगायचं तर मी निळा होत चाललो होतो. आकाश निळं, माणसं निळी, गवतावर चरणाऱ्या गायीही निळ्या. आजोबा रोज ती चक्री केसभर पुढे सरकवत आणि समाधानाने मागे टेकत. घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळा दोष माझ्या माथी मारला. "टीव्हीचं वय झालं," मुलगा म्हणाला. "बाबा बिचारे ओढूनताणून सावरून घेतात." सून म्हणाली, "नाहीतर याहून वाईट दिसलं असतं." जाता-येता माझ्या डोक्यावर थापा बसू लागल्या. आजी मला पुसायची, पण गाणं थांबलं होतं. मुक्या प्राण्याला निदान ओरडता येतं. मला तर दुसऱ्यांचेच आवाज काढता येतात.

त्याच सुमाराला एक दूधवाला घरी आला होता. त्याच्या दुकानाची नवी पाटी आजोबांनी रंगवली होती. तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पाटी झकास झालीय पेंटर, पण गिऱ्हाईक विचारतं, दुधात नीळ घालता का म्हणून."

आजोबा हसले. "तुमच्या गिऱ्हाइकाला पांढरा कधी दिसलाच नाही. दुधात पाणी बघायची सवय."

दूधवालाही हसला, पण त्यानंतर पाट्यांची कामं येईनाशी झाली. आजोबा रोज ब्रश धुवून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी कोरडाच ब्रश पुन्हा धुवत. "लोकांना आता छापील पाट्या लागतात," असं ते म्हणायचे. सगळे मान हलवायचे. घरात कुणाच्या तरी मनात शंका आली असेल, तर ती त्याने गिळली. ज्याच्या डोळ्याने घर चालतं, त्याच्या डोळ्यावर बोट कोण ठेवणार?

शेवटी ठरलं. नवा टीव्ही घ्यायचा.

मग काय विचारता. प्रत्येकाच्या मनात वेगळाच टीव्ही होता. मुलाला भिंतभर हवा होता. सुनेला कपाटाच्या आणि दाराच्या मधे बसेल एवढाच हवा होता. टकळीला आपण बोललं की उलट उत्तर देणारा हवा होता. त्यावर आजी म्हणाली, "उलट उत्तर द्यायला तू एक पुरे आहेस. मला पातळ हवा, बाकी काही नको. याचं कुबड पुसून माझ्या पाठीला कुबड आलं." सगळ्यांचं झाल्यावर आजोबा म्हणाले, "आकाराचं तुम्ही बघा. रंग मी बघणार."

दुकानाची सवलत होती: जुना चालू टीव्ही आणून द्या आणि नवा घेऊन जा. म्हणून मलाही नेलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायच्या कामावर होता आणि आमच्याच इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन माणसांचं हे ओझं एकट्यानेच छातीशी कवटाळून तो जिना उतरू लागला तेव्हा आजी मागून म्हणाली, "गावाला वर चढवतोस, आता जरा स्वतः उतर." तो हसला आणि मी त्याच्या हातातून निसटता निसटता वाचलो.

त्या दुकानात पाऊल ठेवलं आणि माझा जीव दडपला. एका लांबलचक भिंतीवर ओळीने टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र. एक पोपट उडाला की सगळीकडून पोपट उडायचा. मला एका टेबलावर ठेवलं. नव्या नवरीसमोर जुनी मोलकरीण उभी करावी तसं मला वाटलं. विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा होता. "या काका, या काकू. कुठला दाखवू?"

आजोबा हात मागे बांधून ओळीच्या एका टोकापासून चालू लागले. शेवटाला पोचले आणि वळले. "पोरा, तुझ्या या सगळ्या टीव्हींना कावीळ झालीय."

"कावीळ?"

"पिवळे आहेत सगळे. एकाचाही पांढरा पांढरा नाही. ते यंत्र दे इकडे."

विक्रेत्याने रिमोट दिला. आजोबांना त्यातलं काही कळेना, तेव्हा टकळीने बटणं दाबली आणि आजोबा "अजून, अजून" म्हणत गेले. पोपट निळा झाला. त्याची चोच निळी झाली. त्याच्याजवळची फळं निळी झाली. "हं," आजोबा म्हणाले. "हा नीट झाला. हा बांधा."

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने आजीकडे. तो निळा त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी घरात तोच तर दिसायचा.

तेवढ्यात दुकानाच्या मेकॅनिकने माझी तार खांबावरच्या खोबणीत घातली. जुना टीव्ही चालू आहे का, हे बघणं त्याचं काम होतं. माझ्यावरही तोच पोपट उमटला, निळाच. "काय हो, ही चक्री कुणी एवढी पिळलीय?" असं स्वतःशीच पुटपुटत त्याने झडप उघडली आणि चक्री आपली सहज मधे आणून ठेवली.

मित्रांनो, किती तरी वर्षांनी माझा लाल पुन्हा लाल झाला. पोपट हिरवागार, चोच लालचुटूक, आणि मागच्या भिंतीचा पांढरा अगदी कारखान्यातल्या त्या दिवसासारखा. "अजून ठणठणीत आहे की हा," मेकॅनिक म्हणाला. माझ्यावरचा आळ त्या क्षणी फिटला. पण मला आनंद होईना, कारण मी आजोबांकडे बघत होतो.

"बिघडवलात तुम्ही त्याला," आजोबा म्हणाले. "पिवळा करून टाकलात."

टकळीने हातातला रिमोट हळूच खाली ठेवला. मुलगा बुटांकडे बघायला लागला. आजोबांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं? पिवळा नाही दिसत तुम्हाला?"

बोलणार कोण? त्या एका वाक्याबरोबर त्यांच्या हातातला ब्रश जाणार होता, पाट्या जाणार होत्या, घरातला तो "रंग मी लावणार" जाणार होता. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणावं की हा टीव्हीच बिघडलाय. मी आणखी दहा थापा आनंदाने खाल्ल्या असत्या.

आजी पुढे आली. डोक्यावरचा रुमाल तिने मागे सारला आणि नवऱ्यासमोर मान वाकवली.

"अहो, माझे केस बघा. कसे आहेत?"

"इथे दुकानात काय केस दाखवतेस?"

"सांगा तर."

"कसे म्हणजे? सोनेरी. मी सांगितलं होतं ना तुला, म्हातारपणी तुझे केस सोनेरी होत चाललेत म्हणून."

"सांगितलं होतं," आजी म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ मी घरात कधी ऐकला नव्हता. "मला वाटलं, तुम्ही लाडाने म्हणताय. माझे केस पांढरे झालेत हो. कापसासारखे. कधीचेच."

आजोबांनी हात पुढे करून तिचे केस बोटांत धरले. दिव्याखाली नेले. डोळ्यांजवळ आणले. मग माझ्याकडे वळून पाहिलं, मग भिंतीवरच्या त्या निळ्या पोपटाकडे.

"आणि दूधवाल्याची पाटी?"

"निळी आहे," आजी म्हणाली. "थोडीशीच."

आजोबा तिथल्या खोक्यावर बसले. बराच वेळ त्यांनी नखांकडे पाहिलं. आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. सून घाबरून पुढे झाली, तर ते हसत होते. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होते. "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी सोनेरी म्हणतंय तर म्हणू द्यावं," आजी म्हणाली. "फुकट मिळतं ते सोडणार कोण?"

त्या दिवशी टीव्ही घेतला नाही. मला परत तीन मजले चढवून नेलं. मुलाला या वेळी हसण्याएवढा दम उरला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलाय. आजोबा जणू पिवळ्या काचेतून जग बघत होते, आणि ती काच इतकी हळूहळू पिवळी झाली की त्यांना कळलंच नाही. शस्त्रक्रिया करू, नीट होईल, असंही ते म्हणाले. पण पुढचे काही आठवडे थांबावं लागणार होतं, आणि मला ते दिवस सगळ्यांत जास्त आठवतात.

आजोबांनी त्या दिवसांत चक्रीला हात लावला नाही. "तुम्हाला नीट दिसतंय ना? मग मला सांगत जा," एवढंच म्हणाले. टकळी त्यांच्या मांडीला टेकून बसायची आणि सांगायची, "काकूंचा कोट निळा आहे."

"निळा म्हणजे कुठला? आकाशी, मोरपंखी, की शाईचा?"

"मोरपंखी. पण बाहीवर शाईचा."

"आणि मागची भिंत?"

"राखाडी."

"कुठली राख? लाकडाची की कोळशाची?"

टकळी माझ्या काचेला नाक लावून विचार करायची. तिच्या श्वासाने काच धूसर व्हायची. ज्या माणसाने घराला रंग दाखवले, त्यालाच घर आता रंग सांगत होतं. आजी दाराशी उभी राहून ऐकायची. एका संध्याकाळी फडकं घेऊन ती आली आणि माझं कुबड पुसता पुसता हळूच म्हणाली,

रंग घालणाऱ्या हाता, आज रंग देते नात
दिवा मालवला नाही, फक्त वाढवायची वात

पहिला डोळा झाला, मग दुसरा. काळा चष्मा काढायचा दिवस आला. आजोबा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले, कारण त्यांना पहिल्यांदा मलाच बघायचं होतं. चष्मा उतरवला. मी माझ्या परीने उत्तम चित्र दाखवत होतो. ते बघत राहिले. मग खिडकीबाहेर बघितलं, स्वतःच्या बाहीकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं.

"ही भिंत एवढी घाण कधी झाली?" हे त्यांचे पहिले शब्द.

मग त्यांनी आजीकडे पाहिलं. ती कधी नव्हे ती रुमाल नीट करत होती. "सोनं गेलं ना?" ती म्हणाली.

"गेलं," आजोबा म्हणाले. "पाटीला आधी पांढरा हात देतात, माहीत आहे ना? तो नसला तर वर कुठलाच रंग उठत नाही. तू तशी दिसतेस."

आजी आत गेली. स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, पण स्वयंपाक काही होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "हा जुनाच चांगला आहे की. नवा कशाला?" त्यावर सगळं घर तुटून पडलं, आणि मला पुन्हा खाली उतरवण्यात आलं.

दुकानातला विक्रेता त्यांना बघून जरा बिचकला. "काका, या वेळी पण निळा?"

"या वेळी माणसासारखा," आजोबा म्हणाले. "तो पोपट बंद कर. नटूनथटून आलेल्याचा रंग कळत नाही. साधं, घरात असतं तसं चित्र लाव, आणि मागे पांढरं असू दे."

त्याने तसं केलं. मग आजोबांनी जे केलं, ते त्या दुकानात त्याआधी कुणी केलं नसेल. पाटीचा रंग जुळवताना नमुना शेजारी धरून बघायचा, ही त्यांची रीत. त्यांनी आजीचा हात धरला आणि तिला एकेका टीव्हीच्या शेजारी उभं केलं. एकदा पडद्यावरचा पांढरा बघायचे, एकदा तिचे केस.

"हा नाही. हा थंड आहे. चल पुढे."

"अहो, लोक बघतायत."

"बघू देत. मान जरा इकडे. हा पण नाही, हा पिठूळ आहे."

"मी काय कापडाचा तुकडा आहे का?"

"सरळ उभी राहा गं, सावली पडते."

दुकानातली माणसं हातातलं काम टाकून बघू लागली. टकळी पुढे पुढे धावत "आजी, हा बघ, हा बघ" करत होती. आजी आधी रागावली, मग लाजली, मग ओळीच्या मध्याला पोचेपर्यंत स्वतःच रुमाल काढून हातात घेतला. एका टीव्हीपाशी आजोबा थांबले. खूप वेळ थांबले. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा. आता दोन्ही डोळे सारखंच सांगत होते.

"हा," ते म्हणाले. "याचा पांढरा आणि हिचा पांढरा एकच."

तो भिंतभर नव्हता, उलट उत्तरही देत नव्हता. पण पातळ होता आणि कपाट-दाराच्या मधे बसत होता. मुलगा म्हणाला, "आईच्या केसांशी जुळलाय म्हटल्यावर आता मी काय बोलणार?" दुकानाचा मालक गल्ल्यामागून उठून आला आणि त्याने विचारलं, "पेंटर, आमच्या दुकानाची पाटी फार मळलीय. कराल का?" आजोबांनी बाहेर जाऊन पाटी बघितली आणि आत येऊन म्हणाले, "मळली नाही. ज्याने केली त्याने पहिला हात दिला नव्हता. करू."

मला तिथेच ठेवून ते निघाले. जाण्याआधी आजोबा माझ्याजवळ आले आणि डोक्यावर हात ठेवला. थाप नाही, नुसता हात. "याने फार सोसलं," ते मेकॅनिकला म्हणाले. "मोडू नका याला." आजीने पिशवीतून ते फडकं काढलं आणि माझा पडदा शेवटचा पुसला.

मेकॅनिकने मला मोडलं नाही. मी आता एका शाळेच्या रखवालदाराच्या खोलीत आहे. त्याचा पोशाख खाकी दिसतो आणि त्याच्या चहाचा रंगही बरा दिसतो.

मित्रांनो, माझं म्हणणं फार थोडं आहे. चित्र बिघडलंय असं वाटलं तर लगेच टीव्हीच्या डोक्यात थाप मारू नका. शेजारी जो बसलाय त्याला आधी विचारा, "तुला कसं दिसतंय?" आणि त्याने काहीतरी वेगळंच सांगितलं, तर हसून सोडून देऊ नका. त्याच्याजवळ सरकून बसा. माझं काय, मला आठवड्यातून एकदा मऊ फडकं पुरतं. माणसाला तेवढ्यावर भागत नाही. त्याला आपलं म्हणणारं कुणीतरी लागतं, जे दुकानभर लोकांसमोर मान वाकवून त्याला खरं सांगेल.